प्लास्टिक वेल्डिंग रॉड घेण्याआधी आणि वापरताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

वेल्डिंग रॉड म्हणजे गरम हवेच्या गनने वितळवून चीर किंवा जोड भरायची प्लास्टिकची काडी. ‘काळा रॉड द्या, 4 एमएम’ अशी मागणी आमच्याकडे रोज येते. रॉड काढून देणं सोपं आहे. तरीही आम्ही आधी विचारतो की वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे. काही जणांना याचा कंटाळा येतो, पण जोड टिकणार की सुटणार हे इथेच ठरतं. पीपी, एचडीपीई, पीव्हीसी, एबीएस या प्लास्टिकच्या जाती. पीपीला पीपीचाच रॉड लागतो, एचडीपीईला एचडीपीईचा, पीव्हीसीला पीव्हीसीचा आणि एबीएसला एबीएसचा. पीपी आणि एचडीपीई दिसायला जवळजवळ सारखे, हाताला दोन्ही मेणचट. एकाचा रॉड दुसऱ्यावर मारला तर गरम असताना जोड छान बसल्यासारखा वाटतो. गार झाल्यावर पकडीने ओढला की केळीच्या सालीसारखा अख्खा निघून येतो.

जात कशी ओळखायची

आधी वस्तूच्या मागे किंवा तळाला शिक्का आहे का बघा. त्रिकोणात 2 असेल तर एचडीपीई, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पीपी. 7 चा अर्थ ‘इतर’, त्यावरून काहीच ठरवू नका. गाडीच्या बंपरला आतल्या बाजूने बहुधा अक्षरं असतात. पीपी आणि ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) अशी जोडी दिसली तर बंपरचा पीपी रॉड मागा.

शिक्का नसेल तर छोटा तुकडा पाण्यात टाका. पीपी आणि एचडीपीई तरंगतात. पीव्हीसी आणि एबीएस बुडतात. तरंगणाऱ्या दोघांत नखाने ओरखडा काढून बघा. एचडीपीईवर नख उमटतं, पीपी जास्त कडक असतं. बुडणाऱ्यांत एबीएसवर ॲसिटोनचा थेंब टाकला की जागा चिकट होते. पीव्हीसीची चिपटी चिमट्यात धरून पेटवली तर ज्योत बाजूला घेताच विझते. ही जाळण्याची परीक्षा उघड्यावर करा आणि धुराला नाक लावू नका, कारण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ असते.

एवढं करूनही शंका राहिली, तर आमची सगळ्यात भरवशाची रीत ही: वस्तूच्या न दिसणाऱ्या जागी थोडं खरवडून बोटभर रॉड वेल्ड करा. पूर्ण गार होऊ द्या, घाई करू नका. मग मोकळं टोक पकडीत धरून वर ओढा. रॉड ताणला जाऊन तुटला किंवा खालचा पृष्ठभाग उचकटून आला, तर जात जुळली. स्वच्छ निघाला तर दुसरा रॉड घ्या. या चाचणीसाठी आम्ही सगळ्या जातींचे छोटे तुकडे देतो, मागून घ्या.

छतावरची पाण्याची टाकी सहसा एलएलडीपीईची (एचडीपीईपेक्षा लवचिक पॉलिथिलीनची) असते. तिला त्याच मटेरियलचा रॉड हवा.

गोल की त्रिकोणी, 3 की 4

3 एमएम गोल रॉड चिरेच्या तळात उतरतो, म्हणून पहिला पास (रॉडचा एक थर) त्याने घ्या. जाड शीट असेल तर वरचे पास 4 एमएमने भरा. त्रिकोणी रॉड एका पासमध्ये चर भरतो. बारीक शीटला आणि कोपऱ्याच्या जोडाला तो सोयीचा पडतो, पण ॲसिडच्या टाकीचा तळ आम्ही त्याने एका पासात करायला सांगत नाही. उन्हात राहणाऱ्या वस्तूला काळा रॉड बरा. त्यातलं कार्बन ब्लॅक ऊन सोसतं.

तयारी

वेल्डिंगपेक्षा तयारीला जास्त वेळ द्या. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 एमएमचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. चिरेवर सुमारे 60 अंशांचा व्ही चर काढा. मग चराचे काठ आणि रॉडसुद्धा, वेल्डिंगच्या आधी लगेच, धारदार पात्याने खरवडा. हवा-उन्हाने वरचा थर खराब झालेला असतो आणि तो थर वेल्ड होत नाही. पॉलिश पेपरने घासल्यास धूळ चरात अडकते, म्हणून पातंच वापरा.

गन आणि हात

नोझलच्या तोंडाशी हवेचं तापमान साधारण असं ठेवा: एचडीपीई 300 ते 320 अंश, पीपी 305 ते 315, पीव्हीसी 330 ते 350. गनच्या आकड्यावर पूर्ण भरवसा नको. नोझलच्या आत 5 एमएमवर तापमापक धरून एकदा तपासा.

हवा रॉडवर आणि शीटवर दोन्हीकडे आळीपाळीने द्या. फक्त रॉडच वितळला तर तो वरवर चिकटतो. दाब रॉडवरूनच येतो: 3 एमएमला साधारण एक किलो, 4 एमएमला दोन ते अडीच किलो. गोल नोझलने हाताने काम करताना मिनिटाला 10 ते 15 सेंटीमीटर एवढाच वेग ठेवा. जोडाच्या दोन्ही कडांना बारीक, सलग मणी आल्यासारखी रेघ उठली तर काम बरोबर चाललंय. एकाच बाजूला उठली तर गन कललेली आहे. पीव्हीसी पिवळसर-तपकिरी पडला तर तो जळला. तेवढा भाग काढून पुन्हा करा.

गार करायला पाणी किंवा ओलं फडकं लावू नका. जाड शीटला दोन्ही बाजूंनी चर काढून आळीपाळीने पास घ्या, नाहीतर शीट वाकतं.

काय अपेक्षा ठेवावी

गरम हवेच्या जोडाची दीर्घकाळची ताकद शीटच्या सुमारे 40 टक्के धरून टाकीची जाडी ठरवतात. म्हणून प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवण्याच्या) मोठ्या टाक्यांना एक्स्ट्रूजन वेल्डिंग, म्हणजे यंत्रातून वितळलेलं प्लास्टिक सरळ जोडात भरणं, सुचवतो; त्यात हे प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत जातं. दाबाने पाणी किंवा हवा वाहणाऱ्या पाइपवर रॉडने गळती बुजवायला आम्ही नकार देतो, तो पाइप बदलायलाच हवा. ॲसिड, थिनर किंवा डिझेल ठेवलेली टाकी पूर्ण धुऊन हवेशीर केल्याशिवाय गन लावू नका आणि बंद टाकीत एकट्याने उतरू नका.

उरलेला रॉड प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवा. एबीएसचा रॉड दमट हवेत ओलावा ओढतो आणि मग जोडात बुडबुडे येतात. वापरण्याआधी त्याला 80 अंशांवर दोन-तीन तास सुकवून घ्या. पिशवीवर जात लिहून ठेवा, कारण मिसळलेले काळे रॉड नंतर नुसते बघून आम्हालाही वेगळे करता येत नाहीत.