शेतीशाळा

शेतीशाळा म्हणजे एकाच परिसरात एकच पीक घेणाऱ्या पंचवीस-तीस शेतकऱ्यांनी पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवशी शेतातच जमून, पिकाचे निरीक्षण करत एकमेकांकडून शिकण्याची पद्धत. तिची सुरुवात 1989 मध्ये इंडोनेशियात झाली. तिथे तिला ‘सेकोलाह लापांगान’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेमार्फत ती पुढे 90 हून अधिक देशांत पोहोचली. प्रौढ माणसे एकमेकांकडून कशी शिकतात, हे समजून घ्यायचे तर याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

इंडोनेशिया 1984 मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. नव्या जाती, रासायनिक खते आणि सरकारी अनुदानामुळे अतिशय स्वस्त मिळणारी कीटकनाशके यांचा त्यात मोठा वाटा होता. दोनच वर्षांत जावा बेटावर तपकिरी तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडीचा उद्रेक झाला आणि उभा भात करपून गेला. फवारणी वाढत होती, तसे तुडतुडेही वाढत होते. तुडतुड्याची मादी भाताच्या पर्णकोशाच्या (खोडाला वेढणाऱ्या पानाच्या खालच्या भागाच्या) आत अंडी घालते, त्यामुळे फवाऱ्यातून अंडी वाचतात. मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रढेकूण. अंडी फुटतात तेव्हा पिलांना खाणारे कोणीच उरलेले नसते. कीटकशास्त्रज्ञ पीटर केनमोर यांनी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करताना हे शेतातच दाखवून दिले होते. नोव्हेंबर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातावर वापरली जाणारी 57 कीटकनाशके बंद केली. पण वर्षानुवर्षे फवारणी करून पीक राखलेल्या माणसाला ‘कोळ्याला मारू नका’ एवढे सांगून भागत नाही. कोळी तुडतुडा खातो हे त्याने स्वतः पाहायला हवे होते. शेतीशाळेचा जन्म या गरजेतून झाला.

वर्गाचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो. चार-पाच जणांचे गट शेतात उतरतात, ठरलेली काही झाडे बुडापासून शेंड्यापर्यंत तपासतात, किडी मोजतात आणि किडींना खाणारे मित्रकीटकही मोजतात. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढायचे: एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर त्या दिवसाचे हवामान. याला कृषी परिसंस्था विश्लेषण म्हणतात. प्रत्येक गट आपले चित्र सर्वांपुढे मांडतो, त्यावर वाद होतो आणि या आठवड्यात फवारायचे की थांबायचे हे सगळे मिळून ठरवतात. शेजारी-शेजारी दोन तुकडे राखलेले असतात. एकात नेहमीची पद्धत, दुसऱ्यात शाळेत ठरलेली. पीक निघाल्यावर दोन्हीचा खर्च आणि उत्पन्न सर्वांसमोर मांडले जाते.

शाळा चालवणाऱ्याचे कौशल्य मात्र गप्प राहण्यात आहे. कोणी अळी आणून ‘ही कोणती?’ असे विचारले, तर नाव सांगायचे नाही. ‘कुठे सापडली? पानावर की फुलात? काय करत होती?’ असे उलट विचारायचे. उत्तर बहुतेकदा गटातच कोणाकडे तरी असते. नसेल, तर अळी, पान आणि एखादा संशयित भक्षक बरणीत ठेवून वर जाळीचे कापड बांधतात. दोन दिवसांनी कोणी कोणाला खाल्ले ते कळते. काही ठिकाणी रोपांची पाने मुद्दाम कातरून उत्पन्न किती घटते ते पाहतात. वाढीच्या काळात भाताचे रोप बरीच पाने गमावूनही सावरते, हे ज्याने आपल्या हाताने कातरून पाहिले, तो चार कुरतडलेली पाने दिसली म्हणून पंप पाठीवर घेत नाही. मोठ्या माणसाकडे आधीचा अनुभव असतो. तो खोडून काढला तर माणूस दुखावतो आणि ऐकेनासा होतो; तोच अनुभव चार जणांच्या अनुभवाशेजारी ठेवला की तो स्वतःच तपासू लागतो.

महाराष्ट्रात कृषी विभाग कापूस, सोयाबीन, तूर अशा पिकांसाठी शेतीशाळा घेतो. ज्याच्या शेतावर वर्ग भरतो त्याला यजमान शेतकरी म्हणतात आणि शेवटी शेतीदिन होतो. महिलांच्या वेगळ्या शेतीशाळाही भरतात. त्या फार आवश्यक आहेत, कारण निंदणी-वेचणी करताना पिकाच्या सर्वांत जवळ त्याच असतात. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यातल्या कापसाचे मोठे नुकसान केले आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. तेव्हापासून डोमकळ्या (बोंडअळी आत असल्याने नीट न उमललेली फुले) ओळखणे, कामगंध सापळ्यातले (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यातले) पतंग मोजणे आणि सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळल्याशिवाय बोंडअळीसाठी फवारणीचा निर्णय न घेणे, हे मुद्दे अधिक जिव्हाळ्याचे झाले आहेत. सापळा स्वतः मोजणारी माणसे गावात असली, तर हा आकडा कागदावर राहत नाही. जिथे शेतीशाळा एक-दोन भाषणे आणि हजेरीच्या सह्यांवर उरकली जाते, तिथे मात्र तिला शेतीशाळा म्हणू नये.

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2004 मध्ये इंडोनेशियातील आकडेवारी तपासली, तेव्हा त्यांना उत्पन्नात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही. 2014 मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात सहभागी शेतकऱ्यांना फायदा झाल्याचे दिसले, पण शेजारच्या, शाळेत न आलेल्या शेतकऱ्यांपर्यंत तो पोहोचला नव्हता. सुधारित बियाण्याची बातमी बांधावरून बांधावर जाते. थांबायचे कधी आणि फवारायचे कधी ही पारख सांगोवांगी जात नाही, कारण ती बघून, मोजून आणि वाद घालूनच आलेली असते. म्हणून शाळेतून तयार झालेल्या शेतकऱ्याने पुढच्या हंगामात स्वतः नवी शाळा चालवणे महत्त्वाचे ठरते. इंडोनेशियात असे शेतकरी-प्रशिक्षक मोठ्या संख्येने तयार झाले. ते गावातल्या दुसऱ्या पंचवीस जणांना घेऊन पुन्हा पहिल्या झाडापासून मोजायला सुरुवात करत.