दिवाणी प्रक्रिया संहिता

दिवाणी न्यायालयात दावा कसा दाखल करावा, प्रतिवादीला समन्स कसे बजवावे, पुरावा कोणत्या क्रमाने घ्यावा, हुकूमनामा (पक्षांचे हक्क ठरवणारा न्यायालयाचा निर्णय) कसा द्यावा आणि त्याची अंमलबजावणी व त्यावरील अपील कसे चालावे, हे ठरवणारा भारतातील मुख्य कायदा. हा १९०८ चा ५ वा अधिनियम असून १ जानेवारी १९०९ पासून अमलात आहे. हक्क कोणाचा हे तो सांगत नाही. हक्क मागण्याची आणि तो नाकारण्याची रीत तो सांगतो. मूळ संहितेत १५८ कलमे आणि पहिल्या परिशिष्टात ५१ आदेश, म्हणजे विषयवार नियमांचे गट, आहेत. कलमे बदलायची तर विधिमंडळाकडे जावे लागते. आदेशांतील नियम मात्र कलम १२२ नुसार उच्च न्यायालयांना आपल्या क्षेत्रापुरते बदलता येतात. ही विभागणी १९०८ च्या संहितेचे खरे वैशिष्ट्य होय. त्यामुळेच एका नियमाचा मुंबईतील पाठ आणि मद्रासेतील पाठ वेगळा असू शकतो, आणि छापील प्रतीत मूळ नियमाखाली त्या त्या उच्च न्यायालयाच्या दुरुस्त्या पाहिल्यावाचून वकिलाला पुढे जाता येत नाही.

संहितेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. स्मृतिग्रंथांनी व्यवहाराचे भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय असे चार पाद मानले असून प्रतिवादीच्या उत्तराच्या चार प्रकारांत ‘प्राङ्न्याय’, म्हणजे हा वाद पूर्वीच निकालात निघाला आहे असा बचाव, सांगितला आहे. एकदा निकालात निघालेला वाद पुन्हा चालवू नये, असे सांगणाऱ्या संहितेच्या ११ व्या कलमाशी त्याचे साम्य दाखवून काही अभ्यासक देशी परंपरेचे सातत्य मांडतात. साम्य नाकारता येत नाही. परंतु मसुद्यांचा इतिहास पाहता संहितेचा सांगाडा इंग्रजी असल्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबई इलाख्यात गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातील १८२७ च्या विनियमांनी कंपनीच्या दिवाणी न्यायालयांची पद्धत घालून दिली. त्यानंतर १८५९, १८७७ आणि १८८२ अशा तीन संहिता झाल्या, आणि १८७० च्या दशकातील इंग्लंडमधील न्यायव्यवस्थेच्या सुधारणांची छाप १९०८ च्या नियमांवर स्पष्ट दिसते. मराठेशाहीतील गोतसभा (जातभाई व वतनदारांची न्यायसभा), पंचायत, उभय पक्षांचे राजीनामे (निवाडा मानण्याची लेखी संमती), जामीनकतबे (जामिनाचे लेख), महजर (सभेचा निर्णयलेख) आणि निवाडपत्र ही पद्धत वेगळ्याच पायावर उभी होती. पेशवाईनंतर १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायत टिकवावी असे सुचवले होते, तरी पुढील विनियमांत तिचे स्थान गौणच राहिले.

संहिता कोठे लागू होती, हा प्रश्न कोल्हापूर संस्थानापुरता आणखी गुंतागुंतीचा आहे. संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने संहिता तेथे आपोआप लागू नव्हती. संस्थानाची स्वतःची न्यायव्यवस्था होती, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२–१९४०) तिच्या शिरोभागी उच्च न्यायालय होते, आणि विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी यांसारख्या जहागिरींकडे मर्यादित न्यायाधिकार होते. संहितेच्या दृष्टीने कोल्हापूरचे न्यायालय हे ‘परकीय न्यायालय’ होते. निपाणी ब्रिटिश बेळगाव जिल्ह्यात असल्यामुळे कोल्हापूरच्या गूळ-व्यापाऱ्याने निपाणीच्या देणेकऱ्यावर संस्थानात हुकूमनामा मिळवला, तर तो निपाणीत बजावण्यासाठी एकतर संस्थानी हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीविषयीच्या त्या काळच्या ४४ व्या कलमाखालील अधिसूचनेचा आधार लागे, नाहीतर परकीय निवाड्यावर तेथे नवा दावा लावावा लागे. आणि प्रतिवादी संस्थानी न्यायालयात हजर झालाच नसेल, तर परकीय निवाडा केव्हा बंधनकारक नसतो हे सांगणाऱ्या १३ व्या कलमाचा अडसर उभा राही.

संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीन संस्थानांना केंद्रीय कायदे लागू करण्याचे काम त्या सुमारास निरनिराळ्या आदेशांनी आणि विलीन संस्थाने (कायदे) अधिनियम, १९४९ ने झाले. सरहद्द पुसली गेल्यावर जुन्या हुकूमनाम्यांचे काय, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. १९५०–५१ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सोलापूर न्यायालयाचा हुकूमनामा विलीनीकरणानंतर पूर्वीच्या अक्कलकोट संस्थानात बजावता येईल असे ठरवले. याउलट, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेर संस्थानाच्या न्यायालयाचा एकतर्फी हुकूमनामा अलाहाबादेत बजावण्यास नकार दिला, कारण तो दिला गेला तेव्हाच प्रतिवादीवर त्या न्यायालयाची अधिकारिता (खटला चालवण्याचा अधिकार) नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७१ च्या निर्णयाने बंगालमधील बांकुड्याच्या हुकूमनाम्याची पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील मोरेना येथील अंमलबजावणी ग्राह्य धरली. या तिन्ही निर्णयांत विसंगती आहे असे म्हणण्यापेक्षा, मूळ हुकूमनामा ब्रिटिश हिंदुस्थानातील की संस्थानातील, या भेदावर ते उभे आहेत असे मानणे योग्य ठरेल.

दाव्याचा सर्वसाधारण क्रम, म्हणजे दावा, समन्स, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मुद्दे, सरतपास (स्वतःच्या साक्षीदाराची तपासणी), उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल, हा परिचित आहे. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी कैफियतीसाठी ३० दिवसांची आणि वाढवून ९० दिवसांची मुदत घातली व सरतपास प्रतिज्ञापत्रावर घेण्याची पद्धत आणली. ही ९० दिवसांची मर्यादा सर्वसाधारण दाव्यांत निर्देशात्मक (सक्तीची नव्हे) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियत घेता येत नाही.

शेतीप्रधान जिल्ह्यात ५४ व्या कलमाचे महत्त्व विशेष आहे. सरकारी आकार (शेतसारा) भरणाऱ्या अविभक्त जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला, की हिस्से न्यायालय ठरवते, पण प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे जमिनीची प्रत पाहून करायचे, वाटप जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. कागद न्यायालयातून महसूल कचेरीत, तेथून मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात आणि पुन्हा माघारी असा प्रवास करतात. घरे व बिनशेती जागांसाठी कोर्ट कमिशनर नेमून अंतिम हुकूमनामा स्वतंत्रपणे काढावा लागतो. वाटपाचा दावा जिंकूनही ताबा वर्षानुवर्षे न मिळण्याचे कारण पुष्कळदा निकालानंतरच्या या टप्प्यात असते. हिस्से ठरवणाऱ्या प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या स्वतंत्र अर्जाची वाट न पाहता न्यायालयांनी आपणहून अंतिम हुकूमनाम्याकडे वळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

महाराष्ट्राची स्वतःची दुरुस्ती म्हणून कलम ९अ चर्चेत राहिले. तूर्तातूर्त (दावा चालू असतानाच्या) मनाईच्या अर्जावर अधिकारितेची हरकत आली, तर ती आधी प्राथमिक मुद्दा म्हणून निकालात काढावी, असे ते सांगे. हरकतीचा विचार न करता मनाई देण्याच्या, विशेषतः सरकारवर दावा करण्यापूर्वी द्यावयाची कलम ८० ची नोटीस टाळून सरकारविरुद्ध मनाई मिळवण्याच्या प्रकारांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. व्यवहारात ते दावा रोखून धरण्याचे साधन बनले. २०१८ मध्ये राज्याने ते रद्द केले. मुदतबाह्यतेचा, म्हणजे दावा मुदतीनंतर लावला असल्याचा, मुद्दा या कलमाखाली येतो काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचीच परस्परविरोधी मते होती. २०१९ मध्ये त्रिसदस्यीय पीठाने तो येत नाही असे ठरवले.

पहिले अपील कलम ९६ खाली वस्तुस्थिती व कायदा या दोहोंवर चालते; दुसरे अपील १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या सारभूत प्रश्नापुरतेच, आणि उच्च न्यायालयातच. त्यासाठी कोल्हापूरच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे. खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतील वकिलांनी केलेल्या दीर्घ आंदोलनानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारे पीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालय इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्याची स्थापना राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या ५१ व्या कलमाखाली झाली असल्याने ते वेगळे उच्च न्यायालय नव्हे. कलम १२२ खालील नियम करण्याचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचाच असून त्याचे नियम येथेही तसेच लागू होतात.