कृष्ण भानजी ते बेन किंग्सले

‘गांधी’ चित्रपटात बापू साकारणारे अभिनेते बेन किंग्सले यांचं नाव निघालं की एकजण ‘आपलाच माणूस’ म्हणतो, दुसरा ‘छे, इंग्रजच तो’. या वादाचं मूळ साठच्या दशकातल्या एका निर्णयात आहे.

यॉर्कशरमध्ये १९४३ साली जन्मलेल्या या मुलाचं नाव कृष्ण भानजी. वडील पूर्व आफ्रिकेतल्या गुजराती खोजा (मुस्लिम) कुटुंबातले डॉक्टर, आई इंग्रज. ऑडिशन चांगली व्हायची, पण कृष्ण भानजी नावाच्या नटाला कोणती भूमिका द्यायची हे तिथल्या मंडळींना सुचत नसे. म्हणून नाव बदललं, तेही वडिलांच्या संमतीने. आजोबांचा झांझिबारला लवंगांचा व्यापार होता आणि लोक त्यांना ‘किंग क्लोव्ह’ म्हणत. ‘किंग्सले’ त्यातूनच आलं. बेन हे वडिलांच्या टोपणनावावरून. म्हणजे नवं नावही घरचंच. याला मुळं तोडणं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. दोष त्या वेळच्या ब्रिटिश रंगभूमीचा होता, दार ठोठावणाऱ्या पोराचा नव्हे. नाव बदलताच काम मिळालं. पुढची पंधरा वर्षं मुख्यतः शेक्सपिअर, १९७५ साली हॅम्लेटसुद्धा.

‘गांधी’च्या वेळी आक्षेप नेमका उलटा आला: बापूंच्या भूमिकेला परदेशी नट कशाला, आणि त्यात भारत सरकारचा पैसा का? किंग्सले यांनी वजन उतरवलं, योगासनं केली, चरखा शिकून घेतला. ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत अंत्ययात्रेच्या चित्रीकरणाला सुमारे तीन लाख लोक होते. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. त्यांतला एक किंग्सले यांचा, एक वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरकर भानू अथय्या यांचा. कस्तुरबा साकारणाऱ्या रोहिणी हट्टंगडीही पुण्याच्याच. १९८४ साली किंग्सले यांना पद्मश्री मिळाली.

महात्म्याच्या प्रतिमेत ते अडकले नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. १९९३ साली ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये नाझी छळातला ज्यू हिशेबनीस, २००० साली ‘सेक्सी बीस्ट’मध्ये अंगावर काटा आणणारा शिवराळ लंडनी गुंड डॉन लोगन. या गुंडासाठी तर ऑस्करचं नामांकन मिळालं. २०१३ साली ‘आयर्न मॅन ३’मध्ये भयंकर दहशतवादी म्हणून समोर आलेला माणूस प्रत्यक्षात भाड्याने आणलेला दारुडा नट निघतो. मूळ कॉमिक्समधल्या खलनायकाची अशी थट्टा झाल्याने कॉमिक्सचे चाहते भडकले, पण तो नट इतका जिवंत होता की २०२१ साली त्याला ‘शांग-ची’ या दुसऱ्या चित्रपटात परत आणावं लागलं.