फुकट नियमांनंतरची किंमत : टेबलटॉप रोलप्लेइंगच्या पुस्तकांची पार्श्वभूमी

दरवर्षी एप्रिल-मेमध्ये पुण्या-नाशिकला शिकायला गेलेली पोरं जळगाव, भुसावळ, अमळनेरला घरी येतात आणि तोच वाद पुन्हा उकरला जातो : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पुस्तकं एवढ्या पैशांची आहेत का? हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ : एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात, आणि काय घडतं ते फासे ठरवतात. नियम पुस्तकांत असतात. तीन मुख्य पुस्तकांची (खेळाडूंचं, गोष्ट चालवणाऱ्याचं आणि राक्षसांचं) छापील किंमत १५० डॉलर, म्हणजे रुपयांत १२ हजारांच्या वर. ऑनलाइन सवलतीत आकडा खाली येतो, पण घरात सांगण्याइतका येत नाही.

किमतीची ओरड खेळाइतकीच जुनी आहे. १९७४ मध्ये पहिलं खोकं १० डॉलरला आलं. आत तीन पातळ पुस्तिका, सगळी मिळून सव्वाशे पानंही नाहीत, आणि फासे वेगळे विकत घ्यायचे. पुढे सत्तरचं दशक सरता सरता फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खोक्यात आकडे छापलेल्या चिठ्ठ्या घालून दिल्या गेल्या. त्या कापायच्या आणि न बघता एकेक उचलायची. त्या १० डॉलरचे आजचे ६० हून जास्त होतात. त्या हिशेबाने २०२४ चं खेळाडूंचं पुस्तक, ३८४ पानी, रंगीत, जाड पुठ्ठ्याचं, ५० डॉलरला स्वस्तच म्हणायला हवं. २०१४ च्या आवृत्तीचीही किंमत तेवढीच होती आणि पानं ३२०.

हा हिशेब तिकडचा झाला. २०१४ मध्ये डॉलर ६१ रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये ८४ च्या. छापील किंमत जागची हलली नाही, तरी आपल्याला तेच पुस्तक हजारभर रुपयांनी महागलं. त्यात २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यामुळे पात्रांच्या जागी टेबलावर मांडायच्या लढवय्यांच्या बाहुल्या बाहेरून मागवण्याची हौस इकडे फारशी रुजली नाही. टेबलावर बाटल्यांची झाकणं आणि शेंगदाणे चालतात, आणि उत्तम चालतात.

खरी गुंतागुंत परवान्याची आहे, आणि ती समजल्याशिवाय आजचा भाव समजत नाही. २००० साली खेळाच्या नव्या मालकांनी, ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ कंपनीने, खेळाची तिसरी आवृत्ती काढली तेव्हा खेळाचा गाभा एका खुल्या परवान्याखाली मोकळा केला. कुणीही ते नियम वापरून स्वतःचं पुस्तक लिहावं, छापावं, विकावं; मूळ कंपनीला एक पैसा द्यायला नको. हिशेब साधा होता : इतरांनी साहसकथा, म्हणजे खेळायच्या तयार गोष्टी, लिहिल्या की मुख्य पुस्तकं आपोआप खपतील. झालंही तसंच, आणि शेकडो छोटे प्रकाशक त्यावर उभे राहिले. परवान्यात एक वाक्य होतं की त्याची कोणतीही ‘अधिकृत’ आवृत्ती वापरता येईल. वीसेक वर्षं त्या शब्दाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात परवान्याची जुनी आवृत्ती यापुढे ‘अधिकृत’ नाही असं ठरवलं होतं. वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या पुढे कमावणाऱ्याने वरच्या रकमेचे २५ टक्के द्यायचे, हेही होतं. नफ्याचे नव्हेत, उत्पन्नाचे. छपाईच्या धंद्यात २५ टक्के नफा कुणाला सुटतो, हे कुठल्याही प्रेसवाल्याला विचारावं. कंपनीची बाजू अशी की मोठे स्पर्धक आयतं खातात, आणि परवान्याचा गैरवापर रोखायचा आहे. या म्हणण्यात थोडं तथ्य असेलही. पण दिलेला शब्द मागे घेता येतो का, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. लोकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची सशुल्क सदस्यत्वं रद्द करायला सुरुवात केली आणि महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, कंपनीने माघार घेतली. पाचव्या, म्हणजे २०१४ च्या, आवृत्तीचा ४०३ पानांचा मूलभूत नियमसंच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या कुणालाही वापरता येणाऱ्या मोकळ्या परवान्यात टाकला गेला. हा परवाना कंपनीच्या हातातला नाही, त्यामुळे तो परत घेता येत नाही.

खान्देशातल्या पोरांसाठी किमतीचा प्रश्न तिथून बदलला. आधी झेरॉक्सच्या दुकानात चोरीची पीडीएफ छापायची आणि गप्प बसायचं. आता तीच ४०३ पानं पाठपोट काढून, स्पायरल मारून, राजरोस टेबलावर ठेवता येतात. श्रेय दिलं की भाषांतर करायला, अगदी विकायलाही, कुणाची परवानगी लागत नाही. टेबलावर भाषांतर कधीचंच सुरू आहे म्हणा. गुहेच्या तोंडाशी आणून सोडल्यावर गोष्ट चालवणारा अहिराणीत ‘आते काय करस?’ असंच विचारतो, आणि फासा पडेपर्यंत कुणी श्वास घेत नाही.

मग ५० डॉलर कशाचे? नियमसंचात पात्रांचे बारा वर्ग (लढवय्या, जादूगार असे) आहेत, पण प्रत्येकाची एकच उपशाखा. चित्रं नाहीत, आणि कंपनीने राखून ठेवलेले काही राक्षस नाहीत. उरतं ते रंगरूप, निवड आणि आयती तयारी. माझ्या मते खेळाडूंचं पुस्तक पाच जणांत एक पुरतं, आणि पाच जणांत वाटलं की ते बिर्याणीच्या एका बेताएवढं पडतं. राक्षसांचं पुस्तक गोष्ट चालवणाऱ्याने घ्यावं. डिजिटल प्रत मात्र मी कुणाला सुचवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विकत घेतलेल्या जुन्या जादूमंत्रांच्या जागी पात्रांच्या ऑनलाइन नोंदपत्रकांत नवे घालण्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांत तो बेत फिरला, पण कागदावरचा मंत्र असा कुणाला बदलता आला नसता.

तयार साहसकथांचं गणित वेगळं आहे. एकेक कथा महिनोन् महिने चालेल अशी लिहिलेली असते. इकडे मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास, म्हणून खेळ रात्री गच्चीवर. जूनमध्ये कॉलेजं उघडली की टोळकं पांगतं आणि पुस्तक तिसऱ्या प्रकरणावर अडकतं. एका बैठकीत संपणाऱ्या छोट्या कथा ऑनलाइन एक-दोन डॉलरला, काही तर ‘वाटेल ते द्या’ म्हणून मिळतात. त्यांचे पैसे इथे वसूल होतात, जाडजूड कथेचे क्वचितच. एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचा मूलभूत संचही त्याच मोकळ्या परवान्यात आला, त्यामुळे यंदा २०१४ ची पुस्तकं असलेल्यांनी नवी घ्यावीत का, यावरच जास्त भांडण आहे. जुनी शाबूत असतील तर निदान वर्षभर तरी घाई करू नये.