दुकान-घरांतील आगी

खाली दुकान आणि वर किंवा मागे राहते घर, अशा जागांत लागणाऱ्या आगी. महाराष्ट्रातील शहरांत व बाजारपेठांत अशी घरे सर्रास आढळतात. भाडे एकाच जागेचे पडते आणि मालावर रात्रीही नजर राहते, म्हणून गाळ्याच्या पोटमाळ्यावर संसार थाटला जातो.

३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे दुकानातच राहणाऱ्या एका कुटुंबातील चौघे दगावले. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात शिवणकामाच्या दुकानावर राहणारे सात जण, तर ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत एकाच घरातले सात जण गेले. तिन्ही आगी पहाटेच्या. त्या वेळी घर गाढ झोपेत असते आणि शटर ओढलेले असते.

जिना बहुधा दुकानातूनच वर जातो. खाली कापड, रंग, थिनर किंवा प्लास्टिकने पेट घेतला की हाच जिना धुराड्याचे काम करतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो, त्यामुळे झोपलेला माणूस जाग येण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो. छावणीत वरच्या मजल्यावरचे बळी गुदमरून गेले. खिडकी असलीच तर चोरांच्या भीतीने तिला पक्के गज ठोकलेले असतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ बचावाच्या साधनांची जबाबदारी मालक व भोगवटादारावर टाकतो. मात्र असा पोटमाळा अनेकदा मंजूर नकाशातच नसतो.

वाचलेल्यांचे घर आणि पोट दोन्ही एकाच रात्रीत जाते. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, विम्याच्या दाव्यासाठी अग्निशमन दलाचा दाखला लागतो. विमा बहुधा बँकेने कर्जापोटी काढायला लावलेला, मालापुरता. भांडीकुंडी व दागिने त्यात येत नाहीत. आधार, शिधापत्रिका, दहावीची गुणपत्रिका यांच्या दुय्यम प्रती मिळतात, पण दर कागदाची रांग वेगळी. गल्ल्यातील कोळसा झालेल्या नोटा नेहमीच्या बँकेत बदलून मिळत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयात न्याव्या लागतात. हात लावताच त्यांचा चुरा होतो, म्हणून गड्डी न सोडवता डब्यात घालून नेणे बरे. आग सिलिंडरमुळे लागली असेल व जोडणी अधिकृत असेल, तर तेल कंपन्यांच्या विम्यातून मृतामागे ६ लाख रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही; अपघाताची लेखी खबर मात्र गॅस वितरकाला लगेच द्यावी लागते.