टायकोच्या मधला डोंगर

पौर्णिमेच्या चंद्राला साधी द्विनेत्री लावली, तरी दक्षिणेकडच्या भागात एक लखलखीत ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेले उजळ पट्टे दिसतात. काही पट्टे दीड हजार किलोमीटरपर्यंत गेलेले आहेत. हे टायको नावाचं विवर. सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलवेत्ता टायको ब्राहे याचं नाव त्याला जोव्हान्नी रिच्चोली या इटालियन जेझुइट पंडिताने १६५१ साली दिलं. चंद्रावरची विवरं कशाने झाली याचा तेव्हा कुणालाच पत्ता नव्हता. ती ज्वालामुखीची तोंडं असावीत, असं विसाव्या शतकातही अनेक मातब्बर मंडळी मानत होती. प्रत्यक्षात टायकोसारखी विवरं आकाशातून येऊन आदळलेल्या लघुग्रहांच्या घावांनी झाली.

विवर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खोल खड्डा येतो. टायको खोल आहेच. काठापासून तळापर्यंत साधारण ४.८ किमी. पण त्याची रुंदी आहे ८५ किमी. कागदावर प्रमाणात काढायचं ठरवलं, तर ८५ सेंटिमीटर रुंद चित्राला पाच सेंटिमीटरही खोली मिळणार नाही. तेव्हा खोलीचं एवढं कौतुक नको. कौतुकाची गोष्ट आहे ती मधोमध: तळापासून सुमारे दोन किमी उंच उठलेला, १५ किमी पसरलेला डोंगर. जिथे घाव बसला, नेमका तिथेच डोंगर कसा?

टायको घडवणारा लघुग्रह आठ-दहा किलोमीटरचा असावा, असा अंदाज आहे. असा धोंडा सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगाने येतो, तेव्हा तो जमीन खणत नाही; त्याची सगळी गतिज ऊर्जा क्षणार्धात खडकात शिरते आणि स्फोट होतो. म्हणूनच तिरका मारा बसूनही विवरं बहुधा गोलच होतात. आघाताची लाट खडकातून पसरते, काही खडकाची वाफ होते, बराचसा वितळतो आणि आत्ता दिसतं त्यापेक्षा कितीतरी खोल वाडगं तयार होतं. ते टिकत मात्र नाही. प्रचंड दाबाखाली गेलेला तळ दाब सुटताच वर उसळतो, आणि उभे कडे आधार न राहिल्याने आत कोसळतात. पाण्यात खडा टाकल्यावर मधोमध थेंब वर उडतो, ते उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. ते निम्मंच लागू पडतं. पाणी पुन्हा सपाट होतं. टायकोचा तळ काही मिनिटं द्रवासारखा वागला आणि उसळलेल्या अवस्थेतच पुन्हा घट्ट खडक झाला.

मिनिटांत डोंगर, हे ऐकायला अतिशयोक्ती वाटतं. पण पुरावा शिखरावरच आहे. नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाने २०११ साली इथल्या सूर्योदयाचे फोटो घेतले. त्यांत शिखरमाथ्यावर सुमारे १२० मीटरचा एक धोंडा दिसतो आणि त्याच्या भोवती गोठलेला, भेगाळलेला वितळ-खडक. दोन किलोमीटर उंचीवर हा वितळलेला खडक चढला कसा? सगळ्यात सरळ उत्तर असं, की आघाताने आकाशात उडालेला रस खाली पडायच्या आत डोंगर उभा राहिला होता. हे उत्तर अजून सर्वमान्य झालेलं नाही, पण मला तरी तेच पटतं.

शिवाय हा डोंगर कित्येक किलोमीटर खालचा खडक पृष्ठभागावर घेऊन आला आहे. चंद्राचं कवच आतून कसं आहे, हे छिद्र न पाडता बघायचं असेल, तर अशी शिखरंच कामाला येतात.

आत कोसळलेल्या कड्यांच्या आता रुंद पायऱ्या झालेल्या दिसतात. पायऱ्यांच्या खोलगट जागांत वितळलेला खडक साठून सपाट डबकी गोठली आहेत. काठाबाहेर एक काळपट कडं आहे. तेही आघातात वितळून काचेसारख्या झालेल्या द्रव्याचंच, असं मानतात.

सगळ्याच विवरांना असा डोंगर नसतो. चंद्रावर व्यास पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे गेला, तरच शिखर आणि पायऱ्या येतात. पृथ्वीचं गुरुत्व सहापट, त्यामुळे इथे ही मर्यादा दोन ते चार किलोमीटरवरच येते. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सुमारे १.८ किमीचं, ते थोडक्यात खाली राहिलं आणि साध्या वाडग्याच्या आकाराचं झालं.

आता त्या पट्ट्यांकडे वळू. बाहेर फेकलेला चुरा आणि त्यातल्या धोंड्यांनी पाडलेल्या छोट्या विवरांच्या माळा मिळून ते झालेत. नीट पाहिलं तर पश्चिमेकडे पट्ट्यांत मोठी फट आहे. तिरक्या आघातात चुरा पुढे आणि बाजूंना उडतो, ज्या दिशेने मारा आला तिकडे कमी पडतो. म्हणजे लघुग्रह पश्चिमेच्या अंगाने आला. कोट्यवधी वर्षांनंतरही गुन्हेगार कुठून आला ते सांगता येतं, हे थोडंथोडकं नाही.

टायकोच्या आत आजवर कुणीही उतरलेलं नाही. १० जानेवारी १९६८ ला सर्व्हेयर ७ हे यान त्याच्या उत्तरेला, काठापासून तीसेक किलोमीटरवर उतरलं. चंद्रावरच्या काळ्या 'समुद्रां'पेक्षा इथल्या मातीत लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त आहे, हे त्याने तपासून सांगितलं. वय मात्र कळलं ते दोन हजार किलोमीटरहून दूर, टॉरस-लिट्रो दरीत. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ तिथे उतरलं. तिथल्या एका डोंगराची दरड टायकोहून उडालेल्या धोंड्यांनी कोसळली असावी, असा तर्क होता. त्या दरडीचे आणि आसपासचे नमुने अंतराळातल्या किरणांना किती काळ उघडे होते, ते मोजलं, तेव्हा उत्तर आलं सुमारे १०.८ कोटी वर्षं. हा तर्क चुकला तर वयही चुकेल, ही त्यातली मेख. पण आकडा खरा धरला, तर टायको झाला तेव्हा सह्याद्रीचा बेसॉल्ट अजून जमिनीवर यायचा होता. ती लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची.

चंद्राच्या हिशेबात हे वय कोवळं आहे, आणि ते खग्रास चंद्रग्रहणात दिसून येतं. पृथ्वीच्या सावलीत चंद्राची धूळ झपाट्याने थंड होते, पण अवरक्त किरणांत पाहिलं तर टायको बराच वेळ उबदार राहतो. हे १९६० च्या सुमारासच लक्षात आलं होतं. कारण तिथले धोंडे अजून दळून धूळ झालेले नाहीत, आणि खडक उष्णता सावकाश सोडतो. पुढे सौरवारा आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने हा चुरा काळवंडत जाईल. अंदाजे ८० कोटी वर्षांच्या कोपर्निकस विवराचे पट्टे अजून ओळखू येतात, पण टायकोच्या मानाने फिकेच. कोपर्निकसच्याच शेजारच्या, त्याहून जुन्या एरॅटोस्थेनिस विवराला शिखर आहे, पायऱ्याही आहेत; पट्टे मात्र जवळपास पुसले गेले आहेत.