बांधाच्या पायथ्याला ओल दिसली? माती टाकण्याआधी हे वाचा

पोळ्याच्या सुमारास तळी भरतात आणि आम्हाला फोन सुरू होतात, "बांधाच्या बाहेरून पाणी येतंय, उद्या पोकलेन पाठवा." आम्ही पोहोचतो तेव्हा बहुतेक वेळा ओल दिसतच नाही. आदल्या दिवशीच तिच्यावर चार ट्रॉल्या काळी माती पडलेली असते. ती उचलण्यात एक दिवस जातो, मशीनचे तास तुमच्या बिलात चढतात, आणि पाणी नेमकं कुठून येत होतं ते तरीही सापडत नाही. दिंडोरीकडच्या एका बागायतदारांकडे दोन दिवस माती काढली, तोवर पाण्याने वीस फुटांवर दुसरी वाट धरली होती.

स्वतःच्या जमिनीत नाल्यावर किंवा उतारावर मातीचा बांध घालून ज्यांनी पाणी अडवलं आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्याची गळती वेगळी, तिच्याबद्दल फोनवर बोलू.

मातीचा बांध थोडाफार झिरपतोच. आपलं गंगापूर धरणही मातीचंच आहे. मोठ्या मातीच्या धरणांत झिरपलेलं पाणी बाहेर यावं म्हणून वाळू-खडीचे गाळणीचे थर घालतात, पायथ्याशी चारी काढतात आणि येणारं पाणी मोजतात. पाणी आलं म्हणून बांध बिघडला, असं नाही. प्रश्न एवढाच, की पाणी येताना बांधाची माती सोबत आणतंय का?

नितळ पाणी वर्षानुवर्षं येत राहील. गढूळ पाणी येऊ लागलं की बांध आतून पोखरला जातोय. मातीचे कण आधी पायथ्याशी सुटतात आणि पोकळी तिथून मागे मागे, तळ्याकडे सरकत जाते. ती पाण्याला भिडली की पुढचा वेळ तासांत मोजायचा. चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. आपला बांध त्यापुढे लहान, हे खरं. पण अर्धा एकर फुगवटा आणि सरासरी सहा फूट पाणी धरलं तरी साधारण ३७ लाख लिटर होतं, म्हणजे ३,७०० टन. खाली कोणाची वस्ती, कोणाचा गोठा आहे, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता काळ्या मातीचं. ती पाणी धरते, म्हणूनच बांधाच्या गाभ्यात आम्ही तीच वापरतो. पण बाहेरच्या पायथ्याला ती टाकली की आतलं पाणी थांबत नाही, त्याची फक्त बाहेरची वाट बुजते. मग पाणी भरावात चढतं, बांधाचा बाहेरचा अर्धा भाग भिजून जड होतो आणि घसरतो. नाहीतर ते बाजूने निघतं. शिवाय पाणी नितळ आहे की गढूळ, हे पाहायची सोयही गेली. मुरूम दाबून बसवला तरी थोड्याफार फरकाने तेच होतं.

हात रिकामे ठेवायचे नसतील तर एवढं करा. ओलीच्या कडेने खुंट्या ठोका, म्हणजे ती पसरते का ते कळेल. पाणी वाहत असेल तर खाली छोटा खड्डा करून बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा, आणि त्या दिवशी तळ्यात पाणी कुठवर होतं तेही लिहा. पातळी वाढली तशी झिरप वाढली, तर घाबरायचं कारण सहसा नसतं. पातळी तीच आणि झिरप वाढली, तर लगेच फोन करा. पाण्याची एक पारदर्शक बाटली भरून तासभर स्थिर ठेवा आणि तळाशी गाळ बसला का ते पाहा. त्या बाटलीचा फोटो आमच्यासाठी बांधाच्या दहा फोटोंपेक्षा मोलाचा आहे.

गाळ बसत असेल, किंवा पाणी उकळी फुटल्यासारखं वर येऊन भोवती रेतीची कड धरत असेल, तर आधी खालच्या वस्तीला सांगा. मग असतील तेवढे पंप लावून पातळी उतरवा. घाईने सांडवा जेसीबीने खोल करू नका. उघड्या मातीवरून पाणी धावू लागलं की ते स्वतःच वाट खोल करत जातं.

आम्ही अशा ठिकाणी उलटी गाळणी घालतो: आधी जाड धुतलेली वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि शेवटी दगडांचं वजन. पाणी निघून जातं, माती जागेवर राहते. क्रशरची डस्ट स्वस्त मिळते म्हणून आणून ठेवू नका, तिच्यातल्या पिठाने गाळणी तुंबते. वाळू कोणती चालेल हे तुमच्या भरावातली माती पाहूनच ठरतं. म्हणून मशीन पाठवायच्या आधी आमचा माणूस येतो. त्या भेटीचे पैसे का, असं विचारलं जातं. काम आमच्याकडे दिलंत तर ते बिलातून वजा होतात. काम लागतच नसेल तर तसंही आम्ही स्पष्ट सांगतो, आणि असे बांध बरेच निघतात.

पाहणीत पहिला प्रश्न असतो मोटारीच्या पाइपचा. बांध फोडून पाइप टाकला असेल तर झिरप बहुधा त्याच्याच कडेने असते. नवीन पाइप माथ्यावरून न्या. भरावावर वाढलेली सुबाभूळ लहान असतानाच उपटा. मोठं झाड मात्र आम्हाला विचारल्याशिवाय तोडू नका, कारण मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात. हरळी असेल तर राहू द्या, ती बांध धरते.

२०२१ चा धरण सुरक्षितता कायदा १५ मीटरपेक्षा उंच, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांसाठी आहे. आपले बांध चार-पाच मीटरचे, त्यामुळे त्या कायद्याखालची तपासणी त्यांना लागू नाही. लक्ष ठेवायचं ते मालकानेच.

पाण्याकडच्या बाजूचं काम आम्ही तळं आटल्यावरच घेतो, भरल्या तळ्यात नाही. म्हणजे उरतो एप्रिल-मे, आणि तेव्हा तुम्ही द्राक्षाच्या खरड छाटणीत गुंतलेले असता. मार्चमध्येच तारीख सांगून ठेवलीत तर पहिल्या पावसाआधी आटोपतं. पुढे तळं पहिल्यांदा भरलं की आम्ही एकदा येऊन पायथा पाहून जातो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.